अब्राहम लिंकन : दुःख कुठे संपतं आणि आजार कुठे सुरू होतो



१२ फेब्रुवारी ही अब्राहम लिंकन यांची जयंती. आपल्यापैकी बहुतेकांची त्यांच्याशी ओळख एका पत्रातून झालेली असते. हेडमास्तरांना लिहिलेलं ते पत्र, वसंत बापटांच्या मराठीतलं, कितीतरी शाळांच्या ऑफिसात फ्रेम करून लावलेलं असतं. आमच्याही शाळेत आहे. डी.एड.ला असताना परिपाठात मी ते पाठ करून म्हटलं होतं. ते लिंकन यांनी लिहिल्याचा पुरावा नाही, त्यांच्या संग्रहित लेखनात ते कुठेच नाही, हे मला फार उशिरा कळलं. पत्र चांगलं आहे, भिंतीवरून काढा असं मी म्हणणार नाही. पण त्यांनी खरोखर लिहिलेली दोन पत्रं आहेत. एक १८४१ सालचं, एक १८६२ सालचं. आपल्या वर्गाला ती जास्त उपयोगी पडतील असं मला वाटतं. त्या दोन पत्रांच्या आधाराने आज त्यांचं आयुष्य सांगते.

हे का सुचलं ते आधी सांगायला हवं. काही वर्षांपूर्वी माझ्या चौथीच्या वर्गात दोन मुलं होती. (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत.) एका मुलीची आजी दिवाळीच्या सुट्टीत वारली. आईवडील ऊसतोडीला जायचे, त्यामुळे आजीनेच तिला सांभाळलं होतं. शाळा सुरू झाल्यावर ती कधीही रडायची. मधल्या सुट्टीत खिचडीचं ताट पुढे आलं की रडायची. सगळा स्टाफ तिच्यामागे. दुसरा एक मुलगा. त्याच्या घरी काहीच वाईट घडलं नव्हतं. पण गणपतीनंतर तो चिडका झाला. खो-खोत पुढे असणारा मुलगा मैदानाच्या कडेला बसायला लागला. ताट अर्धं टाकायचा. वहीत लिहिलेलं इतकं खोडायचा की पानाला भोक पडायचं. त्याच्या आईला बोलावून मी काय सांगितलं असेल? लाड कमी करा आणि मोबाईल काढून घ्या. आजारी कोण आणि दुःखी कोण, हे मी अगदी उलट ओळखलं होतं. त्या मुलाचे दोन-अडीच महिने माझ्यामुळे वाया गेले.

आता लिंकनकडे येऊ.

अब्राहमचा जन्म १८०९ साली अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, लाकडी ओंडक्यांच्या खोपटात झाला. वडील थॉमस शेती आणि सुतारकाम करायचे. १८१६ साली हे कुटुंब इंडियानाच्या जंगलात राहायला गेलं. तिथे १८१८ च्या शरद ऋतूत एक विचित्र आजार आला. गाई रानातली एक विषारी वनस्पती खायच्या, तिचं विष दुधात उतरायचं आणि दूध पिणारी माणसं मरायची. कारण तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. आधी अब्राहमच्या आईला सांभाळणारे नातेवाईक जोडपं गेलं आणि मग ५ ऑक्टोबरला आई नॅन्सी गेली. अब्राहम ९ वर्षांचा होता. वडिलांनी शवपेटी घरीच बनवली आणि तिच्या लाकडी खुंट्या या पोराने तासून दिल्या, असं सांगतात.

९ वर्षांचा म्हणजे आपल्या चौथीतला मुलगा, हे लक्षात घ्या. त्यानंतर वर्षभर त्याची बहीण सारा, जी स्वतःच ११-१२ वर्षांची होती, घर चालवत होती. १८१९ च्या डिसेंबरमध्ये वडिलांनी दुसरं लग्न केलं. सावत्र आई आपल्या तीन मुलांसह आणि काही पुस्तकांसह आली. आपल्या गोष्टींतल्या सावत्र आया वेगळ्या असतात, पण या बाईंनी त्या दोघांना धुऊनपुसून माणसांत आणलं आणि अब्राहमच्या वाचनाला पाठिंबा दिला. त्याची शाळा सगळी मिळून वर्षभरसुद्धा झाली नाही. तरी तो वाचत होता, कुस्ती खेळत होता, झाडाच्या बुंध्यावर उभं राहून पाद्रीबाबांची नक्कल करून पोरांना हसवत होता.

या ठिकाणी जरा थांबू या. आईचं दुःख त्याला आयुष्यभर होतं. पण खेळ परत आला, हसू परत आलं, नवीन काही शिकायची ओढ परत आली. दुःख असं लाटेसारखं येतं. लाट आली की माणूस कोलमडतो, ओसरली की थोडा वेळ बरा असतो. माझ्या वर्गातली ती मुलगी ताटापुढे रडायची आणि १० मिनिटांनी लंगडी खेळताना खिदळायची. तेव्हा एक मॅडम म्हणाल्यासुद्धा की हिचं रडणं नाटकी आहे. नाटकी अजिबात नव्हतं. लहान मुलांचं खरं दुःख असंच असतं, येतं आणि जातं.

१८२८ साली बहीण सारा बाळंतपणात गेली. १८३१ मध्ये लिंकन इलिनॉयमधल्या न्यू सेलम नावाच्या छोट्या गावात आले. दुकानात काम केलं, पोस्टमास्तर झाले, जमीनमोजणी शिकले, १८३४ साली राज्याच्या विधिमंडळात निवडून आले. या गावात अ‍ॅन रटलेज नावाची तरुणी होती. १८३५ च्या ऑगस्टमध्ये ती तापाने गेली. त्या दोघांचं लग्न ठरलं होतं की नाही यावर इतिहासकारांचं अजून एकमत नाही. लिंकन यांच्या मृत्यूनंतर गावकऱ्यांनी सांगितलेल्या आठवणींवर सगळी भिस्त आहे. पण एका गोष्टीवर बऱ्याच आठवणी जुळतात. त्या दिवसांत लिंकन एकटेच रानात भटकायचे, पाऊस तिच्या थडग्यावर पडतोय ही कल्पना त्यांना सहन व्हायची नाही, आणि ते स्वतःचं बरंवाईट करतील अशी धास्ती लोकांना वाटली होती. बोलिंग ग्रीन नावाच्या शेजाऱ्याने आणि त्यांच्या बायकोने त्यांना काही दिवस आपल्या घरी ठेवून घेतलं. त्यांना उपदेश करण्यापेक्षा त्यांच्यावर नजर ठेवली, जेवू घातलं.

हे दुःख होतं की आजार? मेलेल्या माणसाचं निदान कुणी करू नये, आपण तर मुळीच नाही. पण आज एखादा डॉक्टर काय विचारेल ते आपल्याला माहीत असायला हवं. जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ, सलग दोन आठवडे तरी मन उदास आहे का, किंवा कशातच रस उरलेला नाही का? झोप आणि भूक बदलली आहे का? थकवा, लक्ष न लागणं, हालचाल मंदावणं किंवा उगाच अस्वस्थ राहणं आहे का? आपण नालायक आहोत, सगळी चूक आपलीच आहे असं वाटतंय का? मरणाचे विचार येतायत का? यातली बरीच लक्षणं एकत्र आली आणि रोजची कामं अडायला लागली, तर डॉक्टर त्याला नैराश्याचा आजार म्हणतात, ज्याला आपण बोलताना डिप्रेशन म्हणतो. मुलांच्या बाबतीत एक गोष्ट विसरू नका. उदास चेहऱ्याऐवजी चिडचिडच दिसू शकते. हे मला कुणीतरी वेळेवर सांगायला हवं होतं.

आणि हो, जवळचं माणूस गेलं म्हणून आजार होऊच शकत नाही असंही नाही. दुःखाच्या पोटात आजार वाढू शकतो. कारण समजतंय म्हणून काळजी करायची गरज नाही, हा आपल्याकडचा मोठा गैरसमज आहे.

लिंकन १८३७ साली स्प्रिंगफील्डला वकिली करायला आले. राहायला पैसे नव्हते. जोशुआ स्पीड नावाच्या दुकानदाराने दुकानाच्या माडीवरची आपली खोली वाटून घेतली आणि तो त्यांचा आयुष्यातला सर्वांत जवळचा मित्र झाला. १८४० मध्ये मेरी टॉडशी लग्न ठरलं आणि १८४१ च्या सुरुवातीला मोडलं. त्याच सुमारास स्पीड दुकान विकून केंटकीला परत जायच्या तयारीत होता. लिंकन यांनी ज्या रस्ते-कालव्यांच्या योजनांसाठी विधिमंडळात जोर लावला होता, त्यांच्यापायी राज्य कर्जात बुडालं होतं. सगळं एकदम आलं.

३१ वर्षांचा हा माणूस जानेवारीत विधिमंडळात जाईनासा झाला. काही दिवस अंथरुणाला खिळला. मित्रांना इतकी भीती वाटली की स्पीडने खोलीतले वस्तरे, सुऱ्या उचलून नेल्या. हेन्री नावाचे डॉक्टर उपचार करत होते. लिंकन यांचा वकिलीतला भागीदार जॉन स्टुअर्ट तेव्हा वॉशिंग्टनला होता. त्याला लिंकन यांनी आधी लिहिलं की या डॉक्टरांना स्प्रिंगफील्डचं पोस्टमास्तरपद मिळवून दे, ते गावात राहणं माझ्या जगण्यासाठी गरजेचं आहे. डॉक्टर गाव सोडून जाऊ नयेत म्हणून रुग्णच त्यांच्यासाठी नोकरी शोधतोय! मला ही गोष्ट फार आवडते. मदत लागते आहे हे त्यांना कळत होतं आणि ते सांगायची त्यांना लाज वाटली नाही.

मग २३ जानेवारीला त्यांनी स्टुअर्टला जे पत्र लिहिलं, ते मी सुरुवातीला म्हटलेलं पहिलं पत्र. जिवंत माणसांत आपल्याइतकं दुःखी कुणी नाही, आपल्या मनातलं साऱ्या जगाला वाटून दिलं तर पृथ्वीवर एकही हसरा चेहरा उरणार नाही, अशा अर्थाचं त्यात आहे. पण मला त्यातली पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. आपण कधी बरे होऊ की नाही हे त्यांना सांगता येत नव्हतं. होणार नाही अशीच भीती वाटत होती. आणि आहे तसं राहणंही शक्य नव्हतं. उद्याचा दिवस दिसेनासा होणं, ही या आजाराची खूण आहे. असा माणूस उद्याची आशा करायला आळस करत नसतो. त्याला ती दिसतच नसते.

माझ्या वर्गातल्या मुलालाही मी विचारलं होतं, सहलीला येणार ना. त्याने मान हलवली नाही की नकार दिला नाही. नुसतं बघितलं. मी त्याचा अर्थ उद्धटपणा असा लावला.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात लिंकन केंटकीत लुइव्हिलजवळ स्पीडच्या घरी गेले. महिनाभर राहिले. फिरणं, गप्पा, वेळेवर जेवण. स्पीडच्या आईने त्यांना बायबलची प्रत दिली. त्या घराची शेती गुलामांच्या कष्टावर चालायची, हेही सांगितलं पाहिजे. परतीच्या प्रवासात बोटीवर लिंकन यांनी १२ गुलाम एका साखळीला बांधलेले पाहिले. ते दृश्य त्यांच्या मनातून पुढे अनेक वर्षं गेलं नाही.

स्पीडने नंतर एक आठवण सांगितली आहे. त्या काळोख्या दिवसांत लिंकन त्याला म्हणाले होते की मरायला माझी तयारी आहे, पण मी जगलो होतो हे कुणाच्या लक्षात राहील असं काही माझ्या हातून अजून झालेलं नाही. पुढे १८६३ साली गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा निघाल्यावर त्यांनी स्पीडला त्या बोलण्याची आठवण करून दिली.

पण इथे मला एक सावधगिरी सांगावीशी वाटते. अशी गोष्ट ऐकली की आपण लगेच म्हणतो, बघा, जिद्द असली की डिप्रेशन पळतं. तसं झालेलं नाही. आधी मित्राने धारदार वस्तू हलवल्या, डॉक्टर आले, विश्रांती मिळाली, मग बाकीचं. आणि ते पूर्ण गेलंही नाही. पुढेही सहकाऱ्यांना ते तासन् तास खिडकीबाहेर बघत बसलेले दिसायचे आणि मध्येच एखादा विनोद सांगून सगळ्यांना हसवायचे. त्या काळी ते ब्लू मास नावाच्या गोळ्या घेत. त्यात पारा असायचा! राष्ट्राध्यक्ष झाल्यावर काही महिन्यांनी त्यांनी त्या बंद केल्या, कारण त्यांच्यामुळे आपण चिडखोर होतो असं त्यांच्या लक्षात आलं. आज आपल्याकडे चांगली औषधं आणि समुपदेशन आहे, तरी लोक नातेवाइकांपासून चिठ्ठी लपवतात.

१८४२ च्या सुरुवातीला नेमका स्पीड लग्नाआधी घाबरून, खचून गेला. आता लिंकन त्याला पत्रं लिहायला लागले. तुझी मज्जासंस्थाच नाजूक आहे, प्रवासात हवा खराब लागली, कामधंदा आणि मित्रांची संगत सुटली, त्यात लग्नाचं दडपण, म्हणून असं वाटतंय, त्यात तुझा दोष नाही, असं त्यांनी त्याला समजावलं. म्हणजे मनात येणारा प्रत्येक काळा विचार खरा मानू नकोस, त्यातला काही भाग दुखण्याचा आहे. पावणेदोनशे वर्षांपूर्वी, कुठलंही शास्त्र न शिकलेल्या वकिलाने हे लिहिलं. स्पीडचं लग्न नीट पार पडलं. त्याच वर्षी ४ नोव्हेंबरला लिंकन आणि मेरीचंही झालं.

पुढचं राजकारण तुम्हाला पाठ्यपुस्तकांतून माहीत आहे, ते मी भरभर सोडते. १८५० मध्ये दुसरा मुलगा एडी चौथा वाढदिवस यायच्या आधी गेला. १८६० साली लिंकन राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले, १८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू झालं. २० फेब्रुवारी १८६२ ला ११ वर्षांचा विली व्हाइट हाउसमध्येच तापाने गेला. लिंकन ढसाढसा रडले. आणि तरीही ते कामावर जात राहिले, लहानग्या टॅडला जवळ घेऊन झोपवत राहिले. मेरीबाई मात्र कित्येक आठवडे अंथरुणातून उठल्या नाहीत. अंत्यविधीलाही त्या गेल्या नाहीत. त्यांच्या बहिणीला सोबतीला बोलवावं लागलं. एकाच घरात, एकाच मुलासाठी. कोण जास्त प्रेम करत होतं असा प्रश्न इथे विचारायचाच नसतो.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लिंकन यांच्या ओळखीचे ले. कर्नल मॅककलो लढाईत मारले गेले. पूर्वी ते ब्लूमिंग्टनच्या कोर्टात कारकून होते. त्यांची तरुण मुलगी फॅनी खोलीतून बाहेर येईना, जेवेना. एका न्यायाधीश मित्राने सुचवलं आणि लिंकन यांनी २३ डिसेंबरला तिला पत्र लिहिलं. दहा दिवसांपूर्वीच फ्रेडरिक्सबर्गला त्यांच्या सैन्याचा दारुण पराभव झाला होता. अशा वेळी राष्ट्राध्यक्ष एका मुलीला पत्र लिहीत होते. त्यांनी तिला रडू नको म्हटलं नाही. तरुण माणसाला दुःख जास्त जाळतं, कारण ते त्याच्यासाठी नवं आणि अचानक आलेलं असतं, हे मान्य केलं. आत्ता तुला वाटतंय की कधीच बरं वाटणार नाही, पण ते खरं नाही, तू नक्की पुन्हा आनंदी होशील आणि बाबांची आठवण टोचणारी न राहता गोड होईल, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो, असं त्यांनी कळवलं.

आता दोन्ही पत्रं शेजारी ठेवा. १८४१ मध्ये ज्या माणसाला स्वतःच्या बाबतीत हे म्हणता येत नव्हतं, तोच २१ वर्षांनी दुसऱ्याच्या बाबतीत खात्रीने म्हणतो. दुःखातल्या माणसाला असं वाक्य हळूहळू पोचतं. आजारी माणसाला ते सांगूनही पोचत नाही, तेव्हा नुसत्या शब्दांवर थांबायचं नसतं. मूल ऐकत नाही म्हणून आपण तेच वाक्य आणखी मोठ्याने सांगतो, तिथे चुकतं.

मेरीबाईंची गोष्ट अर्धी सोडवत नाही. १४ एप्रिल १८६५ ला नाटकगृहात त्यांच्या शेजारी बसलेल्या नवऱ्याला गोळी लागली. १८७१ मध्ये टॅडही १८ व्या वर्षी गेला. १८७५ साली उरलेल्या एकुलत्या एका मुलाने कोर्टात अर्ज केला, ज्यूरीने त्यांना वेडं ठरवलं आणि त्यांना एका खाजगी मनोरुग्णालयात ठेवलं गेलं. चारेक महिन्यांनी त्या सुटल्या, पुढच्या वर्षी दुसऱ्या ज्यूरीने त्या शहाण्या असल्याचं सांगितलं. त्यांना नेमकं काय होतं यावर अजून वाद आहे. नवऱ्याच्या उदासीची लोकांनी थोरवी केली आणि बायकोच्या दुःखाची टर उडवली, एवढं मात्र मला दिसतं. आपल्या गावातही कुणाच्या दुखण्याला काय नाव द्यायचं हे ते बाईचं आहे की पुरुषाचं यावर ठरतं का, बघा जरा.

माझ्या वर्गातल्या त्या मुलाचं सांगायचं राहिलं. आरोग्य तपासणीला शाळेत आलेल्या डॉक्टर मॅडमनी वजन घटलेलं बघून त्याला बाजूला घेतलं. त्यांनी त्याला थेट विचारलं, मरून जावं असं वाटतं का. मी दचकले. असं विचारल्याने नसता विचार डोक्यात भरेल असं मला वाटायचं. तसं होत नाही, उलट मूल मोकळं होतं, हे त्यांनी मला नंतर समजावलं. तो हो म्हणाला. त्याच आठवड्यात त्याचे वडील त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेले. जाण्याआधी त्यांनी मला विचारलं, मॅडम, गावात काय सांगू? मी म्हटलं, दवाखान्यात नेतोय म्हणा, खोटं थोडंच आहे. एवढ्या लांब जाणं लगेच जमत नसेल तर १४४१६ हा सरकारच्या टेली मानसचा नंबर आहे, फुकट आहे, रात्रीसुद्धा लागतो आणि मराठीत बोलता येतं. आमच्या वर्गाच्या दारामागे मी तो खडूने लिहून ठेवलाय. पुसला की पुन्हा लिहिते.

तो मुलगा आता माध्यमिक शाळेत आहे. परवा बाजारात भेटला. खो-खो पुन्हा सुरू केलाय का, विचारलं. कधीकधी खेळतो म्हणाला, मग आईच्या हातातली पिशवी घेतली आणि पुढे गेला.